बोंडाची छत्री

बसवनगुडी, बेंगळूर
श्रावण वद्य पंचमी, शके १८८३

ती. गुरुराजअण्णाच्या चरणी धाकट्या शेषगिरीचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व खुशाल आहोत. धारवाडच्या पावसात तुझा गुडघा कसा आहे ते कळव. वहिनीस नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आता पुढची बातमी बसून वाच: बोंडा जिंकला. (म्हणजे मी जिंकलो, पण घरात तसे म्हणायची सोय नाही.)

तू ते कुत्र्याचे पिल्लू टोपलीतून आणून दिलेस आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसलास. पुढचे आम्ही भोगले. बाहेर थंडगार झिमझिम, आणि बोंडाला पावसाचा तिटकारा. अंगणात सोडला की एक पाय उचलून थरथरत माझ्याकडे बघायचा आणि घरात आणला की थेट देवघरापाशी मोकळा व्हायचा. मग आईची सोवळ्याची मडी मोडायची, की पुन्हा आंघोळ. (बंबाला उसंत नव्हती, आणि सरपण फोडणारा मी.) शेवटी आईने निक्षून सांगितले की स्वामींच्या पुण्यतिथीला, आराधनेच्या दिवशी, उंबऱ्याच्या आत एक थेंब जरी सांडला, तर हे जनावर गुरुराजकडे परत जाईल. सत्यवती नुसती तांदूळ निवडत बसली. आम्हा दोघांना मूल नाही हे तुला ठाऊकच आहे. त्या पिल्लामागे ती घरभर हसत फिरते, आणि ते हसू बंद झालेले मला बघवले नसते.

तेव्हा मी छत्री काढली. स्वतःवर नव्हे, बोंडावर. सकाळी आणि ऑफिसातून आल्यावर परसातल्या फणसाखाली मी ओणवा, छत्री जमिनीपासून हातभर उंच, खाली बोंडा कोरडा ठणठणीत आणि मी निथळतो आहे. शेजारचे भीमाचार्य कुंपणावरून म्हणाले, "शेषगिरी, स्वल्प तुझ्यावरही धर की रे." मी लक्ष दिले नाही. बोंडाने मात्र दिले. हळूहळू असे झाले की छत्री उघडायचा अवकाश, तो तिच्याखाली जाऊन आपले काम उरकतो.

आराधनेला घर माणसांनी भरले. सत्यवतीचा जीव मुठीत. पण उंबऱ्याच्या आत एक थेंब नाही! पंगती उठल्यावर आईने स्वतः त्याच्यासाठी दूधभात बाहेर ठेवला. सत्यवतीने डोळे पुसले आणि मी नको म्हणत असताना मला आणखी एक पुरणपोळी वाढली. अण्णा, इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

तुझा विजयी भाऊ
शेषगिरी

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. पाहुण्यांनी ओल्या छत्र्या ओसरीवर उघडून वाळत ठेवल्या होत्या. बोंडाने शिस्त सोडली नाही. तो प्रत्येकीखाली जाऊन आला. भीमाचार्यांच्या छत्रीखाली त्यांच्या चपलाही होत्या. ते न्याय मागायला आईकडे गेले. आई म्हणाली, "आचार्य, ओसरी उंबऱ्याबाहेर येते. मी आत म्हटलं होतं."

आणखी ता. क. पिल्लू न्यायला येऊ नकोस, हा आईचा निरोप. आता ऊन पडले आहे, पण छत्रीशिवाय बोंडा बसत नाही. काल ऑफिसातून आलो तर लख्ख उन्हात फणसाखाली आई उभी, मडी नेसून, हात लांब करून माझी छत्री त्याच्यावर धरलेली. मी घ्यायला गेलो तर म्हणाली, "शिवू नकोस, मी मडीत आहे. आणि त्याचं व्हायचंय अजून." तेव्हा तुझ्याकडे जुनी छत्री असली तर माझ्यासाठी पाठव.