कावळ्याला काय सांगितलं

१२ फेब्रुवारी
अलकनंदाचा दहावा. वैनगंगेच्या घाटावर दीड तास कावळा पिंडाला शिवला नाही. दुसरं लग्न करणार नाही, असं मी वचन दिलं. तिचा मोठा फोटो लावीन म्हटलं. कावळा फांदीवरच. मग तिची मोठी बहीण गोदाताई पुढे गेल्या, हळूच काही पुटपुटल्या, आणि तो लगेच आला. काय सांगितलं विचारलं, तर म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी, तुमच्या कामाचं नाई ते."
चाळीस वर्षांचा संसार. माझ्याबद्दलच असणार.

२० फेब्रुवारी
भविष्य सांगणारे टॅरोचे पत्ते आले, सोबत पुस्तक. अठ्ठ्याहत्तर. रोज पहाटे पाचला अभ्यास. महिन्याभरात अलकनंदाकडूनच उत्तर घेईन.

२१ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
उद्यापासून.

४ मार्च
पुस्तक म्हणतं, पत्ता उलटा आला तर अर्थही उलटा. मान्य नाही. ऑफिसात फाईल उलटी आली तर सरळ करूनच वाचायचो. सूर्याचा पत्ता उलटा आला होता. सरळ केला. ती सुखात आहे.

१९ मार्च
शेजारच्या तेजरामची भरवेलीच्या खाणीतून बदली होणार नाही, असं सांगितलं होतं. काल ऑर्डर निघाली. त्याने पत्ते डाव्या हाताने पिसले होते. जाताना म्हणाला, "काकाजी, तुमच्यापरीस पोपटवाला बरा."

८ एप्रिल
अलकनंदाबद्दल विचारलं. आठ पेल्यांचा पत्ता. कुणीतरी पेले तिथेच टाकून, पाठ फिरवून डोंगराकडे निघालंय. अर्थ स्पष्ट आहे. ती पुढे जाऊन जागा धरते आहे. बैहरच्या बसमध्येही रुमाल टाकायला मी तिलाच पुढे पाठवायचो.

९ एप्रिल
तोच पत्ता. पिसण्यात चूक.

१० एप्रिल
तोच.

१० जून, वटपौर्णिमा
बैहरला गोदाताईंकडे गेलो. म्हटलं, कळलं मला. सातही जन्म हाच नवरा मिळेल, असं तुम्ही तिला सांगितलं. त्या हसत सुटल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मी म्हटलं, अलके, सुटली तू. पुढच्या जन्मी हा मानूस तुले मिळनार नाई, वडाले मी सांगून ठेवीन." दर वटपौर्णिमेला उपास आहे सांगून ती इथे यायची आणि पोटभर जेवायची, हेही सांगितलं. मला का कधी सांगितलं नाही, विचारलं. काहून विचारता आता, म्हणाल्या. मी ताटावर बसलो होतो. उठता येईना. जेवलो.

११ जून
पत्त्यांना एकच विचारलं, कधीपासून?
एक पत्ता काढला. उलटून पाहिला नाही.