आत राहिलेले सेल

आई, तू म्हणत होतीस तेच निघालं. सेल आतच होते, दोन्ही. हिरवे पडलेले, फुगलेले, एकमेकांना चिकटून बसलेले. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसले होते. कॅमेऱ्याच्या बुडाचं झाकण निघाल्याबरोबर इतक्या मोठ्यानं ओरडले की आमचे हे अंघोळ अर्धी टाकून बाहेर आले. त्यांना वाटलं, शॉक बसला. मी म्हटलं, बसायचाय अजून, पण मला नाही, चेअरमनना. त्यांना काही कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं. ते आपल्या घरात आले तोवर तू त्या कॅमेऱ्याचं नाव काढणं सोडून दिलं होतंस.

आपल्या गावच्या दूध संस्थेची इमारत पाडायची ठरली. कपाटं रिकामी करताना कॅमेरा सापडला. आताची सचिव म्हणजे चेअरमनची धाकटी सून. तिचा मला गेवराईला फोन आला, "बाई, तुमच्या आईचा कॅमेरा हाय इथं. भंगारात देऊ का तुमी नेता?" आता तो तुझा कधीच नव्हता, संस्थेचा होता. संस्थेनंही तो बीडच्या एका स्टुडिओतून जुनाच घेतलेला, जनावरांच्या विम्यासाठी. गाय उभी करायची, कानातला बिल्ला दिसला पाहिजे, शेजारी मालक. एकाही संचालकाला एक डोळा मिटून दुसरा उघडा ठेवणं जमेना, म्हणून दुधाचं फॅट काढणाऱ्या बाईच्या, म्हणजे तुझ्या, गळ्यात तो पडला. आणि इतक्या वर्षांनी त्या घरची सून त्याला तुमच्या आईचा म्हणते. ते ऐकलं आणि मी शाळेतून तशीच एसटीला गेले.

गायींचे फोटो काढून रोल उरला की तू तो कोयत्यांसाठी ठेवायचीस. दसरा झाला, उसाला जायच्या गाड्या लागल्या, की संस्थेच्या ओट्यावर जोडप्यांची रांग लागायची. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणून फोटोही दोघांचा मिळूनच. पोरं मागं म्हाताऱ्यांजवळ राहणार, त्यांना आईबापाचं तोंड दिसावं म्हणून तो फोटो. आणि तो कुठं लावायचा हेही तूच सांगायचीस. वर देवाच्या फोटोशेजारी लावू द्यायची नाहीस. खाली, कणगीजवळ, रांगत्या पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. म्हाताऱ्या हसायच्या, पण लावायच्या तिथंच. शिरूर कासारकडच्या कितीतरी घरांत मी ते फोटो पाहिलेत, पोरांच्या बोटांनी खालच्या कडा काळ्या झालेले.

आणि तुझे ते सेल. काम झालं की नाण्यानं झाकण फिरवायचं, दोन्ही बटणसेल काढायचे आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायचे. घरी आल्यावर ती गाठ चुलीपाशी सुटायची आणि सेल मिसळणाच्या डब्याशेजारी कोरड्या वाटीत जायचे. बसवताना परत पदरानं पुसायचे, लहान पोराचं नाक पुसावं तसे. एकदा कॅमेरा घरी होता. सकाळची तुझी घाई वाचावी म्हणून मी आदल्या संध्याकाळीच सेल बसवून ठेवले, तर तू केवढी भडकलीस. "कावून ठिवलेस आत? झोपताना मी चूल इझवते का न्हाई? काम झालं की आतला जाळ काढून घ्यायचा." मला ते तुझं काहीतरीच वाटलं होतं.

मग ते वर्ष आलं. उन्हाळ्यात चेअरमननी पोरीच्या लग्नाला कॅमेरा नेला. सेल तुझ्या पदरात राहिले, त्यांनी आपले नवे आणून घातले. लग्न पार पडलं आणि कॅमेरा त्यांच्या माळ्यावर गेला. पाऊस आलाच नाही. छावणी लागली, सगळ्या गावची जनावरं तिथं बांधली, आणि त्यातली मरायला लागली तशी विम्याला फोटोंची गरज पडली. तेव्हा कॅमेरा माळ्यावरून उतरला. बटण सरकवलं तर लाल दिवा लागेना. बुडाचं झाकण जागचं हलेना. मासिक सभेत चेअरमन म्हणाले की फुकटचे फोटो काढून काढून बाईनं कॅमेरा मारून टाकला. मी बारावीला होते, तुझा डबा घेऊन दारात उभी होते. तू उठलीस. "कॅमेरा मेला न्हाई. आत सेल राहिल्यात, त्याला करंट पोचत न्हाई. झाकण फोडा, दिसंल." चेअरमन म्हणाले, सेल मी स्वतःच्या हातानं काढलेत, आता आणखी मोडू नको. आणि कॅमेरा कपाटात गेला, कुलूप लागलं. कित्येकांचे दावे फोटोवाचून बुडाले आणि सगळा बोल तुझ्यावर आला. दूध घालायला आलेल्या बायका तुझ्याशी बोलेनात. त्या दसऱ्याला गाड्या फोटोवाचून गेल्या. तू मात्र रोज जाऊन मान खाली घालून फॅट काढत राहिलीस. तुझी ती खाली घातलेली मान आठवली की अजूनही माझं डोकं फिरतं.

म्हणून झाकण उघडून मी थांबले नाही. सेल राहिले होते एवढं सिद्ध झालं. पण कॅमेरा मेला न्हाई, हे सिद्ध व्हायचं होतं. ह्यांनी मला चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाईल घेऊन देतो म्हणून सांगितलं, त्यांना चहा करायला पाठवलं. कान साफ करायच्या काडीला लिंबू लावून आतला हिरवा थर काढला, मग स्पिरिटनं पुसलं, वाळू दिलं, नवे सेल घातले. काही नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला मीटर आणला. सेल ठणठणीत, खाचेतल्या पत्र्यापर्यंत करंट येतोय, पुढं नाही. बुडाची पट्टी काढली तर आत बारीक लाल वायर, दिसायला नव्यासारखी. मीटर लावला, गप्प. वरचं प्लॅस्टिक सोललं तर आतली तार काळी पडून पार खाल्लेली. सेलांचं पाणी वरून दिसू न देता आतून चढत गेलं होतं. त्या जागी नवा तुकडा डाख देऊन जोडला आणि बटण सरकवलं. लाल दिवा लागला, आई. लागला आणि विझला. अंगठ्यानं बटण एका बाजूला रेटलं की लागायचा, सोडलं की जायचा. म्हणजे आता बटणातच खोट. त्यात स्पिरिटचे थेंब सोडून ते पुढंमागं, पुढंमागं सरकवत राहिले, अंगठा दुखेपर्यंत. मग दिवा लागून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बंद. मी रडकुंडीला आले. कंटाळून सेल बाहेर काढले आणि हातातल्या हातात पदरानं पुसले. पुसताना माझं माझ्या हाताकडं लक्ष गेलं. बोटांचा घाम सेलांवर बसला की करंट मधे अडतो, हे मी मुलांना शिकवते, आणि तू ते रोज करत होतीस. पुसून बसवले. खटका दाबला. खाडकन आवाज झाला, तोच, ओट्यावरचा.

रोल आता बीडलाही मिळत नाही, पुण्याहून मागवला. तोवर मी चेअरमनच्या सुनेला सुचवलं की इमारत पाडायच्या आधी जुन्या सभासदांचा एक फोटो काढू. तिला ते पटलं. परवा सगळे ओट्यावर बसले, मधे खुर्चीवर चेअरमन, हातात काठी. मी मुद्दाम तुझी निळी साडी नेसून गेले होते. सगळ्यांसमोर पदराची गाठ सोडली, सेल पुसले, नाण्यानं झाकण फिरवलं. त्या वर्षी तुझ्याशी अबोला धरणारी पाटलाची म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आगं, ही तर तिचीच गाठ." लाल दिवा लागला. चेअरमननी डोळे बारीक केले. "चालू हाय व्हय? त्यो तर मेलता." मी किती वर्षं ह्या प्रश्नाची वाट पाहत होते ते मलाही तोवर माहीत नव्हतं.

"मेला नव्हता, मामा. आत सेल राहिले होते, त्याला करंट पोचत नव्हता," मी म्हटलं, आणि डबीतून आणलेले ते हिरवे सेल त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी सेल उलटसुलट करून पाहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्याकूनच ऱ्हायले म्हना की. बाईचं खरं व्हतं." मला त्यांची दया यायला हवी होती, वय झालंय त्यांचं. अजिबात आली नाही. मला आनंद झाला, निव्वळ आनंद. मी त्यांना मान वर करायला सांगितली, सगळ्यांना जवळ सरकायला लावलं आणि खटका दाबला. पाटलाच्या म्हातारीनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून तुला एकटीला सांगते. परवा कॅमेऱ्यात रोल नव्हता. तो अजून पुण्याहून यायचाय, आणि मला काही तोवर थांबता आलं नाही. चेअरमनच्या सुनेचे फोनवर फोन येतायत, फोटो कधी मिळतील म्हणून. आता सगळ्यांना परत ओट्यावर बसवावं लागणार, चेअरमनना परत मधे, आणि मी परत सगळ्यांसमोर गाठ सोडणार.