उंदीर एकच आहे

३ मार्च, सोमवार. सकाळी.
स्वयंपाकघरात उंदीर आहे. एकच. पाव कुरतडलाय, पण फक्त एका कोपऱ्यातून. म्हणजे भूक लहान, म्हणजे उंदीरही लहान. काळजीचं कारण नाही.
ताई बाळाला घेऊन यायला अजून जवळजवळ महिना आहे. तिची बाळंतपणाची रजा महिनाअखेर संपते, भावोजी परगावी, आणि माझं घर तिच्या ऑफिसपासून चालत. मी तर घरूनच काम करते (औषधांच्या माहितीपत्रकांतल्या चुका काढते), दिवसभर बाळाला बघेन. हे जमलं नाही तर तिला नोकरी सोडून सासूबाईंकडे जावं लागेल. तेव्हा जमवायचंच. तिची अट एकच: घर स्वच्छ हवं.
मला अट नाही. मला नुसतं कोणीतरी घरात हवं आहे.
संकल्प: रविवारपर्यंत उंदीर बाहेर.

४ मार्च.
हार्डवेअरच्या दुकानात गेले. काकांनी काउंटरवर सगळा माल मांडला. औषध खाल्लं की उंदीर भिंतीत कुठेतरी जाऊन मरतो म्हणे. त्याला त्रास होतो का, विचारलं. काका म्हणाले, अजून एकही तक्रार घेऊन परत आलेला नाही. चिकट पुठ्ठ्याबद्दल तर विचारवलंच नाही. शेवटी पिंजरा घेतला. पकडल्यावर काय करणार, काकांनी विचारलं. म्हटलं, लांब नेऊन सोडेन. म्हणजे सहलीला नेणार, असं म्हणून ते मागच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसले.
हसू देत.

५ मार्च.
इंटरनेटवर बराच अभ्यास केला. पिंजरा लगेच लावायचा नसतो. आधी काही दिवस दार उघडं ठेवून आत खाऊ ठेवायचा. उंदराचा विश्वास बसला, की मग लावायचा. अगदी शास्त्रीय पद्धत. शेंगदाणे ठेवले. खारे नाहीत, साधे. मीठ त्यांना सोसत नसेल.

७ मार्च.
शेंगदाणे संपले. प्लॅन उत्तम चालला आहे.

९ मार्च, रविवार.
आज पिंजरा लावायचा दिवस. लावला नाही.
बाबा आठवले. आम्हा दोघींना शाळेत घालण्याआधी काही वर्षं बाबांनीच घरी शिकवलं, जेवायच्या टेबलावर. अक्षरं, आकडे नंतर. पहिला धडा: बंद दार वाजवल्याशिवाय उघडायचं नाही, आणि वाजवल्यावर उत्तराला वेळ द्यायचा. दुसरा धडा: ज्याने आपल्यावर विश्वास ठेवला, त्याला फसवायचं नाही.
आधी विश्वास बसवायचा आणि मग पिंजरा लावायचा, हे दुसऱ्या धड्यात कुठे बसतं? कुठेच नाही.
नवा प्लॅन: शेंगदाणे रोज थोडे कमी करायचे. त्याचं त्यालाच कळेल.

१२ मार्च.
शेंगदाणे कमी केले, तर त्याने साबण खाल्ला. साबणाच्या वेष्टणावर ‘पोटात गेल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा’ असं लिहिलंय. शेंगदाणे पुन्हा पूर्वीइतके.

१४ मार्च.
आनंदाची बातमी. इतके दिवस झाले, उंदीर डोळ्यांनी एकदाही दिसलेला नाही. सकाळी स्वयंपाकघराचं दार वाजवते, जरा थांबते, आत जाऊन दिवा लावते, तर सगळं सामसूम. संध्याकाळीही तेच. शेंगदाणे संपतात, पण त्याला इतरही कारणं असू शकतात.
ताईला फोन करून सांगितलं, उंदीर जवळजवळ गेला. ती म्हणाली, जवळजवळ म्हणजे कसा? तुझा गणिताचा पेपर जवळजवळ सोपा जायचा, तसा? मग मला खोटं बोलवेना. म्हटलं, एकच होता आणि तोही दिसत नाही. ताई म्हणाली, हे बघ, बाळाने आत्ताशी कुठे मान धरलीय. मला गंमत नकोय. वेळेत सांग, म्हणजे मी दुसरीकडे काहीतरी बघेन.
दुसरीकडे कशाला बघायचं? सांगितलं, सगळं कंट्रोलमध्ये आहे.

१८ मार्च.
बाळाची खोली तयार! पाळणा आला. लाकडी, चार पायांचा. मी विणलेलं पिवळं लोकरीचं पांघरूण त्यात घडी करून ठेवलं. धूळ नको म्हणून दार ओढून घेतलं. आता उघडायचं ते बाळ आल्यावरच.
शेंगदाण्यांचं मोठं पाकीट आणलं. वाटेत हार्डवेअरवाले काका भेटले. काय, सहल झाली का? म्हटलं, तयारी चालू आहे.

२२ मार्च.
भिंतीत खुडखुड. पाइप असावा. बाळाच्या खोलीकडून पाइप जात नाही, पण आवाज कुठूनही येऊ शकतो. खोलीचं दार वाजवून पाहिलं. खुडखुड बंद. म्हणजे पाइपच.

२५ मार्च.
दूध उतू जात होतं म्हणून दार न वाजवता धावले. ओट्यावर उंदीर. सिंकमध्ये उंदीर. बहुधा तोच. चपळ आहे.
असं धाडकन आत जाऊ नये. मीही दचकले, तोही दचकला. यापुढे नीट वाजवूनच.

२७ मार्च.
पुरे झालं. ताई रविवारी येणार. आज पिंजरा लावला. लावण्याआधी भिंतीकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, की आज लावते आहे. म्हणजे फसवणूक झाली नाही.

२८ मार्च.
पिंजरा रिकामा. शेंगदाणे तारांमधून बाहेर ओढून नेलेत. म्हणजे माझं बोलणं पोचलं. समजूतदार दिसतो, आपणहून जाईल.
ताईचा मेसेज: नक्की ना? ‘नक्की’ लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. पाठवलं.

३० मार्च, रविवार. संध्याकाळी.
ताई दुपारी आली. दार उघडंच होतं, तरी वाजवून आत आली. खांद्यावर बाळ झोपलेलं, दुसऱ्या हातात बॅग. खोली कुठली गं? मी म्हटलं, थांब, आधी मी वाजवते. ती म्हणाली, रिकाम्या खोलीला काय वाजवायचं, हात भरून आलेत माझे. आणि कोपराने दार ढकललं.
पाळण्यातून एक पडद्यावर गेला. पडद्यावरून दोन खाली आले. एक कपाटामागे, एक माझ्या पायावरून. पांघरुणाचा पिवळा भुगा झाला होता, आणि भुग्यात गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं.
ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बाळ उठू नये म्हणून अगदी हळू म्हणाली, एकच ना गं?
मी म्हटलं, लहान आहेत.
मग तिने विचारलं, सकाळी स्वयंपाकघरात जातानाही वाजवतेस? हो म्हटलं. उत्तराला वेळ देतेस? देते. ताई दारातच, बॅगेवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. म्हणाली, बाबांनी आपली पार वाट लावली गं.
मी म्हटलं, उद्याच पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावते. ती म्हणाली, आणि तो फवारणार त्या घरात मी हिला ठेवू? उद्या सकाळी मला ऑफिसला हजर व्हायचं होतं. तू नुसतं आधी सांगायचं होतंस.
बॅग उघडलीच नाही.

३१ मार्च.
ताई सासूबाईंकडे पोचली. राजीनाम्याचा मेल वाटेतूनच केला. तात्पुरतं आहे म्हणाली. तिच्या ऑफिसात तात्पुरता राजीनामा नसतो, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. 
बाळाचा एक मोजा इथेच राहिला. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवला.

२ एप्रिल, बुधवार.
आज मन घट्ट केलं. हातमोजे, झाडू, पिंजरा घेऊन बाळाच्या खोलीपाशी गेले. दार वाजवलं. उत्तराला वेळ दिला. आत गेले.
पाळणा रिकामा. नुसता पिवळा भुगा. जागा सुरक्षित वाटली नाही की उंदरीण पिल्लांना उचलून दुसरीकडे नेते, असं वाचलं होतं.
तीही घेऊन गेली.
म्हणजे शेवटी पिंजऱ्याशिवायच जमलं. खोली पूर्ण रिकामी झाली. ताईला कळवायला फोन हातात घेतला, मग ठेवून दिला.
दार ओढून घेतलं. उद्या पुन्हा वाजवून बघेन.