वरचं अक्काचं

१६ मार्च
नवा माठ आणला. जुन्याचा पाझर बंद झाला, पाणी नुसतं ओलं लागायचं. वाळूच्या पाटीत बसवला, वाळा टाकला. बाज बाहेर काढून सुतळी ताणली. संध्याकाळी चार बादल्या सडा मारला तेव्हा कुठं फरशी निवली.

आता पावसाळ्यापर्यंत माझा संसार गच्चीवर. जिन्याच्या तोंडाशी माझी एक खोली, पुढं ही मोकळी जागा. लग्नाचं राहूनच गेलं, घर ते एवढंच. बत्तीस वर्षं लातूर-चाकूर-लातूर एसटीनं शाळा केली, ती संध्याकाळी या बाजेवर पाठ टेकायच्या आशेवर. धाकटा भाऊ दिलीप कुटुंबासकट खाली राहतो. त्याला हवा कूलरचीच लागते.

भावजय शोभा जिन्यातून ओरडली, "अक्का, यंदा कुरडया लई घालू नका." का, ते सांगितलं नाही.

२७ मार्च
कुरडया. तीन दिवस भिजलेला गहू, काल चीक काढला, पहाटे शिजवायला घेतला. हात भरून आले. गल्लीतल्या चौघी मदतीला. कासारबाईंनी गरम चीक दूध-साखर घालून वाटीभर खाल्ला. म्हणतात, "मी यासाठीच येते, कुरडया गेल्या चुलीत." खूप हसलो.

नऊच्या सुमारास एक माणूस टेप घेऊन वर. ओल्या कुरडया ओलांडून या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत मोजायला लागला.
"काय मोजायलात?"
"चार खोल्या बसतेत का बगायलो. सायबांनी सांगितलं न्हाई का तुमाला?"
कासारबाईंनी सोऱ्या खाली ठेवला. मी म्हटलं, सांगितलंय की.
खोटं. चौघींनाही कळलं ते.

२८ मार्च
दिलीपला जेवताना गाठलं. शिकवणीला येणाऱ्या पोरींसाठी खोल्या काढायच्या. "सगळी गल्ली करायली अक्का. आपणच मागं."
मला विचारायचं होतं की नाही?
"विचारणारच होतो."
मी कुठं राहू?
"देवघराशेजारच्या खोलीत. तुझे गुडघे दुखतेत, जिना तरी चुकंल."
माझे गुडघे सहा वर्षं दुखतात. त्याला ते आत्ता आठवले.
ती खोली ज्वारीची पोती ठेवायची. खिडकी नाही.
"आबा काय म्हणाले होते?" वडिलांची आठवण देत विचारलं. त्यानं भाकरी मोडली, ठेचा लावला, खाल्ली. शोभानं ताक वाढलं.

२९ मार्च
रात्रभर तेच डोक्यात. आबांनी घर दि.च्या नावावर केलं तेव्हा मी आणि धाकट्या बहिणीनं, सुनंदानं, हक्क सोडल्याच्या कागदावर सह्या केल्या. सह्या झाल्यावर आबा याच बाजेवर बसून म्हणाले, "कागद दिलीपचा. वरचं अक्काचं, ती हाय तवर." समोर आम्ही तिघंच. आई तर आधीच गेलेली.
कागदात मात्र तसं काही नाही. आज पेटीतून काढून पहिल्यांदा वाचला. वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून पोरांच्या कानीकपाळी ओरडले आणि स्वतः

४ एप्रिल
वकिलाकडे. माझाच विद्यार्थी, आता टक्कल पडलंय. "बाई, तुम्ही?" म्हणत उठून उभा राहिला. सगळं ऐकून घेतलं.
"लेखी काही?"
नाही.
"ऐकलेलं दुसरं कोण?"
सु.
"मग ताईंना विचारा. त्या सांगायला तयार झाल्या तर बघू काहीतरी. न्हाई तर अवघड हाय, बाई."
परत येताना उसाचा रस घेतला. नुसता बर्फ. अर्धा टाकला.

९ एप्रिल, नांदेड
सु.नं पन्हं केलं. अंगणात कडुलिंबाखाली खुर्च्या टाकल्या. सूनबाई टरबूज चिरून देऊन गेली. हवा गरम, पण सावली दाट. तिच्याकडं उन्हाळा असा बसून घालवता येतो, कोणी मोजायला येत नाही.
विचारलं.
सु. म्हणाली, "त्या दिवशी मी रस केलता बग. गावरान आंब्याचा. आबांनी तीन वाट्या खाल्ल्या. तू धपाटे केलतीस. दिलीपनं बनियनवर रस सांडला म्हणून तू त्याला टाकून बोललीस."
मग आबा काय म्हणाले?
"ते काय आठवत न्हाई मला."
बनियनवरचा डाग आठवतो हिला.
खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "अक्का, माहेरला जायचं तर मला त्याच्याच दारातनं जावं लागतं. उद्या माझ्या नातवाचं बारसं निघंल, नंतर लग्नं हायत. भाऊ न्हाई आला तर इथं मला काय तोंड?"
मी म्हटलं, आणि मी कोण? मी नाही माहेर?
ती टरबुजाच्या बिया एका बाजूला सारत बसली.
पन्हं चांगलं झालं होतं. मी दुसरा ग्लास मागून घेतला. त्याची लाज वाटतेय आत्ता.

१२ एप्रिल
परत. जिन्यात विटा रचलेल्या, आडवं होऊन चढावं लागलं. गच्चीवर वाळूचा ढीग, माझी बाज भिंतीला उभी. जाताना शेवटच्या उन्हाला पसरलेल्या कुरडया शोभानं गोळा करून डब्यात भरल्या होत्या. "धूळ बसायली म्हणून उचलल्या अक्का. नीट ठेवल्यात मी." मनापासून म्हणाली. डबा उघडला तर आंबूस वास. ओल्या वाळूच्या पाण्यानं भिजल्या होत्या. सगळ्या गाईपुढं. गाईनंही निम्म्या सोडल्या.
बाज मी पुन्हा आडवी केली, वाळूच्या बाजूला.

२१ एप्रिल
ऊन मी म्हणतंय. नळ नवव्या दिवशी आला. सडा बंद. कठड्याला ओलं लुगडं बांधून आडोसा केला.
दि. दोनदा जिन्यापर्यंत येऊन परत गेला. पावलं ओळखते मी.

३० एप्रिल
आखिती. आबा-आईच्या नावानं घागर पुजली. रस, कुरडई (विकतची), भजी. दि.नं स्वतः माझ्या वाटीत रस वाढला, त्यावर तूप सोडलं. "घे अक्का, केशर हाय." शोभा माझ्याकडं बघत राहिली, मी नाही म्हणते की काय म्हणून.
खाल्ला. वाटी पुसून खाल्ली. सणाच्या दिवशी ताटावर भांडण नको, ही आईची शिकवण. ती शिकवण नेहमी मीच पाळायची.
हात धुताना दि. म्हणाला, "दहा-बारा दिवसांत खोली रिकामी करून दे. तुझी भिंत पाडल्याशिवाय मिस्त्रीला पुढचं काम घेता येईना." सण संपल्यावर बोलला असता तरी चाललं असतं.

६ मे
दि. घरी नव्हता. लोह्याहून एक गृहस्थ आले, सोबत लेक. अकरावीला लातुरात ठेवायचंय. शोभानं जागा बघायला वर पाठवलं. उन्हानं दोघांचे चेहरे लाल. मी बाजेवर बसवलं, जिरं-मीठ घालून ताक दिलं.
पोरगी कठड्याशी गेली. "मावशी, तुमी रोज हितंच बसता? भारी हाय. मी हितं अभ्यास करंल." खोल्या झाल्यावर इथं काही उरणार नाही हे तिला कोण सांगणार.
बाप म्हणाला, "कशी हाय जागा? तुमी बाईमाणूस हाव, खरं सांगताल."
सांगितलं. पाणी आठ-नऊ दिवसांनी येतं. वर पत्रे पडणार, उन्हाळ्यात भाजून निघेल. हे खरं. मग म्हटलं, आणि गल्ली चांगली नाही, पोरीच्या जातीला ठेवण्यासारखी नाही.
हे खोटं. एवढ्या वर्षांत या गल्लीत माझ्याकडं कोणी मान वर करून बघितलं नाही.
बाप ग्लास ठेवून उठला. पोरीचं ताक अर्धंच झालं होतं, ते तसंच ठेवून ती त्याच्यामागं उतरली. उतरताना कुणाच्याही घराकडं बघितलं नाही तिनं, मान खाली.
बत्तीस वर्षं अशाच पोरींना म्हणत आले, शिका, बाहेर पडा.

७ मे
कुठं बोलले नाही. जेवण गेलं नाही.
शोभाला कळलंय. जिन्यात कैरीचा तक्कू ठेवून गेली.

११ मे
उन्हं कलल्यावर दि. वर आला. आज जिन्यात थांबला नाही. बाजेच्या कडेला बसला. चाळीस वर्षांनी असा बसला असेल. केस किती पिकलेत.
"लोह्याच्या माणसाला काय सांगितलीस?"
सांगितलं ते सांगितलं.
"कोर्टात गेलतीस म्हणून पण ऐकलं."
वकिलाकडे गेले होते. कोर्टात नाही. अजून.
"तुला काय पाहिजे अक्का? कूलर लावून देतो खोलीत. खिडकी फोडून देतो. बोल."
मी म्हटलं, मला एवढंच सांग, आबा काय म्हणाले होते.
तो वाळूच्या ढिगाकडं बघत राहिला. गल्लीत कुल्फीवाल्याची घंटा वाजून गेली.
"वरचं अक्काचं म्हणले होते," दि. म्हणाला. हळू, पण स्पष्ट. "मला काय ठाऊक न्हाई व्हय?"
मग?
"मग काय. म्हणले होते. आता आबा न्हाईत." उठला. "मिस्त्री उद्या येणार. भांडी तरी खाली न्यायला लाग, मी येतो उचलायला."
जिन्यात शोभा उभी होती. तिनं ऐकलं की नाही, तिच्या तोंडावरून कळेना. मी बघितलं तशी पदर सावरून दि.च्या मागं उतरली.

वकिलानंही उद्याच अकराला बोलावलंय. मिस्त्री नवाला येतो. सामान अजून काहीच उचललं नाही. शोभाला सकाळी विचारावं, तू काय ऐकलंस म्हणून. वकिलापुढं ती खरं बोलली तर तिचा संसार मोडतो, आणि नाही बोलली तर माझा.