पैलवानाचा ताबा देण्यापूर्वी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. या वेळचा साष्टांग अगदी खरा आहे, कारण कमरेत उसण भरल्यामुळे मी आडवाच आहे. (पालथा पडून लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तसं उभ्यानेही काही फार बरं येत नाही.) तुझे गुडघे काय म्हणतात? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस की चक्कर आल्यावर? उत्तर मला माहीत आहे, विचारायची रीत म्हणून विचारलं. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. परवा तू सांगितलंस, की लेकीचं घर सोडून नव्या जागेत आलीस खरी, पण एकटीला करमत नाही, तेव्हा रविवारी येते आणि पैलवानाला घेऊन जाते. मी नुसतं "अगं पण" म्हणालो, तोवर तू फोन ठेवलेला होतास.

तर खुशाल ने. मांजर तुझं आहे. भावजींनी त्याला पाइपातून ओढून काढलं आणि त्या काडीएवढ्या जिवाचं नाव चेष्टेने पैलवान ठेवलं, तेव्हा मी तिथेच होतो. भावजी गेले, तू लेकीकडे राहायला गेलीस आणि जावयाला मांजराच्या केसांनी शिंका येतात म्हणून हा माझ्या पदरात पडला. (याच जावयाला धूळ झाडायला सांगितली की शिंका येतात, भाजी आणायला सांगितली की शिंका येतात. पण ते जाऊ दे, जावई तुझा आहे.) मात्र बाटल्यांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून माझं आयुष्य चाललंय. एखादं यंत्र दुसऱ्या खात्याकडे द्यायचं, तर त्याची खरी अवस्था सांगून द्यायची, ही आमची शिस्त. त्याच शिस्तीने मालाची अवस्था कळवतो. वाचून तुझा विचार बदलला तर माझा आग्रह नाही.

पैलवान आला तेव्हा मी मनाशी ठरवलं, की ताईचा ठेवा आहे, ओरखडासुद्धा उठता कामा नये. कारखान्यात आम्ही धोका पाहतो तो कामगार जिथे उभा राहतो तिथून. म्हणून मी डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून घरभर रांगलो. (हेल्मेट पलंगाखाली उपयोगी पडलं, हे हिलाही कबूल करावं लागलं.) मांजराच्या उंचीवरून आपलं घर म्हणजे सापळाच आहे गं. फिनेलची बाटली, डांबराच्या गोळ्या, सुया, रबरं, इस्त्रीची लोंबती वायर, सगळं कपाटात गेलं. आपल्या तापाची साधी गोळी मांजराच्या जिवावर बेतते, म्हणून औषधांच्या डब्याला कुलूप लागलं आणि किल्ली मी इतक्या सुरक्षित जागी ठेवली, की पुढच्या तापात मला नुसत्या ओल्या फडक्यावर दिवस काढावे लागले. मनीप्लांट मांजराला बाधतो म्हणून तो खालच्या वकिलांना दिला. वॉशिंग मशीनच्या तोंडाशी पाटी लावली, 'चालू करण्यापूर्वी आत पाहा'. दोरा पोटात गेला तर आतडी कापतो, म्हणून हिचं शिवणयंत्र झाकून माळ्यावर चढवलं. यावर ही काही बोलली नाही. हिचं काही न बोलणं किती दिवस चालतं, ते तू पाहिलेलं आहेसच.

मग जाळ्या. प्रत्येक खिडकीला आणि गॅलरीला जाळी ठोकली, आणि गॅलरीच्या दाराला आपोआप बसणारी कडी लावली, फक्त घरातून उघडणारी, म्हणजे मांजराने ढकललं तरी दार हलणार नाही. कडी उत्तम बसते की नाही हे बघायला मी गॅलरीत गेलो आणि दार ओढून घेतलं. कडी उत्तम बसली. ही बाहेर गेलेली, फोन आत, आणि पैलवान काचेपलीकडून माझ्याकडे बघत जांभया देतोय. तासाभराने वकिलांनी वर पाहिलं, त्यांना मी जाळीला धरून उभा दिसलो आणि त्यांनी थेट अग्निशमन दलाला बोलावलं. शिडीवरून वर आला तो नेमका आमच्या कारखान्यात दरवर्षी माझं भाषण ऐकायला येणारा जवान. त्याने जाळी कापून मला खाली उतरवताना 'तीन ठिकाणी पकड ठेवा, साहेब' हे माझंच वाक्य मला ऐकवलं. सगळी गल्ली खाली जमली होती. त्यातल्या अर्ध्या लोकांना मी आजवर ओळखतही नव्हतो, आता ते सगळे मला ओळखतात.

यातून धडा घेऊन मी आग लागल्याची रंगीत तालीम ठेवली. भोंगा वाजला, की हिने पर्स घेऊन बाहेर पडायचं आणि मी पैलवानाला टोपलीत घालून खाली आणायचं. भोंगा वाजवला. पैलवान माळ्यावर शिवणयंत्रामागे जाऊन बसला तो जेवायच्या वेळेपर्यंत. ही मात्र ठरल्याप्रमाणे पर्स घेऊन बाहेर पडली आणि बहिणीकडे जाऊन, गप्पा मारून, जेवून संध्याकाळी परतली. तिच्या मते तालीम यशस्वी झाली आणि दर आठवड्याला घ्यायला हरकत नाही.

असं सगळं सुरक्षित झालं आणि पैलवान बिघडला. आधी तो नावाला जागला, म्हणजे इतका सुटला की कडेवर घेतला तर मला धाप लागायची. मग त्याने अंग चाटणं सोडलं. पोटावरचे केस जायला लागले. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा, हाक मारली तर कानही हलवायचा नाही. तेव्हा मात्र ताई, माझी पाचावर धारण बसली. तुला काय तोंड दाखवणार? कामावर माझं लक्ष लागेना. ही दर तासाला त्याच्या पोटावर हात ठेवून तो श्वास घेतोय ना ते बघायची, आणि घेतोय असं दिसल्यावर त्याच्यावरच चिडायची.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मुलगी तरुण, मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. (म्हटलं, या मुलीला आधी हातमोजे द्यायला हवेत.) तिने वजन केलं, दात पाहिले, रक्त तपासलं, पोट चाचपलं. आजार सापडेना. मग तिने विचारलं, हा दिवसभर करतो काय? मी छाती पुढे काढून सांगितलं, काहीही नाही, करण्यासारखं घरात काही ठेवलेलंच नाही. ती म्हणाली, मग आजार तोच आहे. जाळ्या राहू द्या, औषधं, सुया कुलपात राहू द्या, ते सगळं बरोबरच आहे. पण खाणं कमी करा, तेही वाटीत देऊ नका, घरभर लपवून ठेवा आणि त्याला शोधू द्या. भिंतीवर चढायला फळ्या लावा. रिकामे खोके द्या. आणि रोज दोन वेळा त्याच्याशी खेळा, तो दमेपर्यंत. थोडक्यात, रोज थोडा उपद्व्याप, जेवणाआधी. हिने लगेच विचारलं, हे औषध माणसांना चालतं का? डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि चालतं म्हणाल्या.

तेव्हापासून घरात जे चाललंय ते लिहायला कागद पुरायचा नाही. माझ्या बुटात, हेल्मेटमध्ये, सोफ्याच्या उशांमागे मांजराचं खाणं दडवलेलं असतं. मध्यंतरी ऑफिसात साहेबांसमोर रुमाल काढला तर टेबलावर चार दाणे सांडले. ज्या भिंतीवर एक खिळा ठोकायला मी हिला परवानगी देत नव्हतो, तिथे आता छतापर्यंत फळ्या आहेत. पैलवानाचं वजन उतरलंय, केस परत आलेत, आणि तो पहाटे टेबलावरचा पेला पंजाने सरकवत सरकवत कडेला आणतो, माझ्याकडे बघतो आणि पाडतो. ही पांघरुणात खुसखुसते. तिने शिवणयंत्र स्वतः माळ्यावरून उतरवलं आणि चिंध्यांचे उंदीर शिवायला घेतले. (दोरे काम झालं की कुलपात, एवढी एक अट मी लावून घेतली.) तसलाच एक उंदीर पलंगाखालून ओढून दाखवताना माझी कंबर धरली, ती अजून सोडायला तयार नाही.

तेव्हा अवस्था अशी आहे. जनावर उपद्व्यापी आहे, चोर आहे, कुणाचं ऐकत नाही आणि सांभाळणाऱ्याला आडवं करतं. आम्ही थकलो. नेलंस तर सुटलो म्हणू. गुडघ्यांना जप, आणि हे वाचून माझ्यावर रागावायचं असेल तर पत्रानेच रागव, म्हणजे मला पूर्ण वाचता तरी येईल.

तुझा,
बाळ्या

ता. क. पैलवान भांड्यातलं पाणी पीत नाही. आपण पीत असतो त्या पेल्यातलंच पितो. तेव्हा पेला आधी आपण उष्टा करावा लागतो, आणि त्याचं होईस्तोवर हात न हलवता धरावा लागतो. ही तसा धरते. मला जमत नाही.

आणखी एक ता. क. वरचं सगळं हिने वाचलं. म्हणाली, ताईंचं मांजर आहे, ताई नेतील, त्यात एवढं लिहिण्यासारखं काय आहे. हे ती पाठमोरी, कांदा चिरता चिरता डोळे पुसत म्हणाली. मी कसाबसा उठून स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. कांदा सोललेलासुद्धा नव्हता.

शेवटचा ता. क. (हा हिला न दाखवता लिहितोय.) कंबर धरायच्या आधी मी कामाच्या निमित्ताने तुझ्या नव्या जागेकडे येऊन गेलो. तुझ्या दाराला कुलूप होतं. लिफ्ट बंद होती. सहा मजले चढलो, आणि जिन्यातल्या खिडकीतून तुझी गॅलरी पाहिली. कठड्याच्या गजांमधून मांजर काय, लहान मूल जाईल. खिडक्या उघड्याबोडक्या. मी ही जागा नापास करतोय, आणि नापास मी उगाच करत नाही. खाली वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, त्या आजी संध्याकाळभर इथे बाकावरच बसलेल्या असतात, दिवे लागले तरी वर जात नाहीत. ताई, हे तू मला फोनवर का सांगितलं नाहीस? पैलवान तुझा आहे, त्याने तुझ्यापाशीच राहायला हवं, हे मला मान्य आहे. तो गेला तर आमच्या घरात पुन्हा नुसता टीव्ही बोलेल, आणि ते मला सहन होणार नाही, हेही लिहून टाकतो. चिरंजीव नोकरीला दूर गेल्यापासून त्याची खोली रिकामी आहे. पलंगावर नवी गादी घातली आहे. खिडकीला जाळी आहे. तिथे सहा मजल्यांचा जिना नाही, जावई नाही. तेव्हा रविवारी येताना मांजराची टोपली आणू नकोस. तुझे कपडे आण.