डावी ट्यूब, उजवा कोपर

३ मार्च, सोमवार
निवड झाली! त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या चाचणीत मी विसावा आणि शेवटचा. दोन्ही कोपरांना सारखंच इसब असलेला माणूस त्यांना हवा होता. आयुष्यात प्रथमच कुणी माझ्या इसबाचं कौतुक केलं.

दोन ट्यूब मिळाल्या. डावी डाव्या कोपराला, उजवी उजव्याला. एकीत भांगेच्या झाडातून काढलेलं द्रव्य, दुसरीत नुसतं मलम. कशात काय, हे बाईंनाही ठाऊक नाही. नशा येत नाही म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं, तेव्हा चष्म्यावरून बघितलं.

ताईला घेतलं नाही, कारण ती इसबासाठी गोळ्या घेते. सलूनमध्ये लोकांचे केस धुऊन धुऊन तिच्या हातांना भेगा पडल्यात. आमचा टप्पा नीट पार पडला तर पुढच्या टप्प्यात तिच्यासारख्यांना घेणार. यादीत तिचं नाव पहिलं. तिने फोनवर बजावलं, नीट लाव हं, माझी सगळी भिस्त तुझ्यावर आहे.

संकल्प: चार आठवडे काटेकोर. मी वजनमाप निरीक्षक आहे. वीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासतोय. मला कुणी काटेकोरपणा शिकवू नये.

४ मार्च, सकाळी ७
दोन्ही हुंगल्या. डावीला गवताचा वास. म्हणजे औषध डावीतच. बाईंना जे ठाऊक नाही ते मला एका दिवसात कळलं.

९ मार्च
डावा कोपर शांत. उजवा पेटलाय. संकल्प कायम.

११ मार्च
किराणा दुकानात तपासणी. एका हातात प्रमाणित वजन, दुसऱ्या हाताने कोपर खाजवतोय. दुकानदार हसला. खात्याची अब्रू जाते ती अशी.

घरी येऊन डावी ट्यूब उजव्या कोपराला लावली. एकदाच. शिवाय अंग एकच आहे, रक्त सगळीकडे फिरतंच.

१२ मार्च
पुन्हा एकदाच.

१६ मार्च
खाजेला रोज दहापैकी गुण द्यायचे असतात. डावा २, उजवा ७ असं लिहितो. उजवाही खरं तर २ वर आलाय. पण हे खोटं नव्हे. डावी ट्यूब लावली नसती तर तो किती खाजला असता, ते लिहितो. शास्त्राचं नुकसान होऊ नये, एवढाच हेतू.

१९ मार्च
ताईचा फोन. आज एका बाईने तिच्याकडून केस धुऊन घ्यायला नकार दिला म्हणे. हसत सांगत होती. मग विचारलं, लावतोस ना रोज? म्हटलं, दोन्ही वेळा, न चुकता. यात खोटं काय आहे?

जेवण गोड लागलं नाही. दोनदा वाढून घेऊन पाहिलं, तरी नाही.

२८ मार्च, दुपार
नर्सचा फोन. सोमवारी ट्यूब परत आणायच्या, उरलेल्या मलमाचं वजन करतात. डावी चपटी झालीय. उजवी टम्म.

वीस वर्षं दुसऱ्यांची वजनं पकडतोय आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

३० मार्च, रविवार
ऑफिसातून छोटा काटा आणला. नियमात बसत नाही, पण निकड होती. उजवी ट्यूब बेसिनमध्ये पिळली. बायकोने विचारलं, काय चाललंय? म्हटलं, संशोधन.

नळाखाली मलम वाहून जाताना ताईचे हात आठवले. लाज वाटली. पिळत राहिलो.

शेवटी दोन्हींत नऊ नऊ ग्रॅम. रेसभरही फरक नाही. कामात मी पक्का, हे वैरीसुद्धा मान्य करेल.

३१ मार्च
बाईंनी वजन केलं. पुन्हा केलं. म्हणाल्या, बाकीच्या एकोणीस जणांत कुणाच्याच ट्यूब इतक्या सारख्या उरल्या नाहीत. मीसुद्धा फार बिनचूक काटा दिसला की आधी तो उलटा करून बघतो.

मग कोपर पाहिले. दोन्ही सारखेच बरे. तक्ता पाहिला. उजवा ७. माझ्याकडे पाहिलं. मी घडाघडा सगळं सांगून टाकलं, गवताच्या वासासकट. त्या म्हणाल्या, वास दोन्ही ट्यूबना मुद्दाम सारखाच घातलेला आहे.

माझी नोंद बाद. आता दोन्हीकडे सारखं इसब असलेला नवा माणूस शोधायचा, मग त्याचे चार आठवडे. पुढचा टप्पा सहा महिने तरी लांबला.

संकल्प: ताईला आजच सांगणार.

२ एप्रिल
ती कामात असेल.

३ एप्रिल
फोन लागला नाही. केला नाही म्हणून.

६ एप्रिल, रविवार
ताई स्वतःच आली, कोपर बघायला. हातमोजे काढले, दोन्ही कोपरांवरून बोटं फिरवली. तिच्या भेगा मला खरखरीत लागल्या. खूश झाली. म्हणाली, चला, आता माझा नंबर.

तेव्हा सांगितलं. बेसिनचंही सांगितलं.

वाटलं, लहानपणी ओरडायची तशी ओरडेल. तिच्या प्रत्येक बोलण्यावर उत्तरं तयार ठेवली होती, चांगली पाच-सहा. तिने हातमोजे पुन्हा चढवले. मग विचारलं, फार खाजत होतं का रे तुला?

एकही उत्तर उपयोगी पडलं नाही.