आईच्या सांगण्यावरून रिकामी

प्रिय छोट्या,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं. खोडणार होते, पण आई समोरच बसलीय आणि कागदावर खाडाखोड दिसली की ती लगेच विचारते, काय चुकलं म्हणून. तिनंच मला लिहायला बसवलंय. तू फोन उचलत नाहीस, तर पत्र टाक म्हणाली, पत्र आलं की पोरगा वाचल्याशिवाय राहणार नाही. तिला वाटतंय मी तुला एवढंच कळवतेय की आपलं शहर कुणीतरी चोरलं. तेवढं कळवून झालं की ती आत जाऊन जरा पडेल. मग मला जे लिहायचंय ते लिहिता येईल.

पडलीय आता. तर ऐक.

तू नोकरीसाठी तिकडे गेलास त्या वर्षी तुझा जुना कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आणून ठेवलास आणि म्हणालास, ताई, दर रविवारी जेवण झालं की आपण शहर बांधायचं. मी तुला वेड्यात काढलं होतं. दप्तरखान्यात फाटक्या वह्या शिवणारी बाई मी, मला तो माउस धड धरता येईना आणि हा म्हणे गेम खेळ! पण तू बरोबर जागी बोट ठेवलंस. पुराच्या आदल्या वर्षीचं शहर, कोट, चार वेशी, घड्याळाचा मनोरा, मागची बोळं, सगळं जसंच्या तसं. मी कागद बघायचे, तू बांधायचास. त्या गेमला रस्ते सरळच हवेत आणि आपल्याकडे सरळ असं एक बोळ नाही. मनोऱ्यामागच्या एका वळणापायी तू तीन रविवार घालवलेस. एकदा उत्तर वेशीत वाट ठेवायला विसरलास तर ती इवलाली माणसं सगळी तिथे येऊन थटली, बाजार बंद, शाळा बंद, आणि आपण दोघं फोनवर खो खो हसतोय. खोगीरवाल्याच्या दुकानाला दोन पायऱ्या होत्या, तीन नाही, म्हणून मी तुझ्याशी आठवडाभर भांडले. तेव्हापासून तू मला पायरीमास्तरीण म्हणायला लागलास. लग्नानंतर माहेरी परत आलेल्या बाईला रविवार केवढा मोठा असतो ते तुला माहीत नाही, आणि त्या चार वर्षांत मलाही कळलं नाही.

मग आपल्या बोळाची पाळी आली. आई कधी नव्हे ती येऊन स्क्रीनसमोर बसली. हापसा बघितला, शिंपीणबाईंचं घर बघितलं, आणि तू आपल्या घराच्या भिंती उभ्या करायला घेतल्यास तेव्हा म्हणाली, तेवढं नका बांधू. एवढंच. तू भिंती काढल्यास आणि त्या जागेवर पाटी लिहिलीस, ‘आईच्या सांगण्यावरून रिकामी’. गेमला रिकामी जागा चालत नाही. सारखी पिवळी खूण यायची, इथे बांधा, इथे बांधा. माणसं आडवाट म्हणून तिथूनच जायला लागली, तर तू कुंपण घातलंस. त्या दिवशी मी तुझ्यावर जेवढी माया केली तेवढी तुझ्या लहानपणीही केली नसेल.

आता इकडचं सांगते. वेशीपासून मनोऱ्यापर्यंत सरळ रस्ता काढायचा आहे, गाड्या लावायला मागे मैदान. मधे येतं ते आपलंच घर. पुरानंतर बाबांनी त्याच जागेवर उठवलेल्या या दोन खोल्या. नियम असा आहे की पुराआधी ज्या जागेवर घर होतं ती जुन्या शहरात धरायची, तिला हात लावायचा नाही. आणि जी तेव्हा मोकळी होती ती घ्यायला मोकळी. दाखवायला कागद कुठे आहे? त्या सालच्या घरपट्टीच्या वहीत आपल्या बोळाची पानं पुराच्या पाण्यानं एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झालाय. मी स्वतः टिपकागद घालून घालून महिनाभर ती सोडवायचा प्रयत्न केला होता, तुला माहितीय. हाताला नुसता लगदा आला.

गेल्या महिन्यात नगरपालिकेत त्या रस्त्याचा अहवाल बघायला ठेवला. मी आईला घेऊन गेले. भिंतीवर पुराआधीच्या शहराचं मोठं रंगीत चित्र लावलेलं, खाली छापलेलं, ‘दप्तरखान्यातील मूळ नकाशांवर आधारित’. माणसं तोंडात बोट घालून बघत होती. मीही बघत होते, आणि मग मला हापसा दिसला. हापसा आपल्या दाराच्या डाव्या हाताला. तो अजून तिथंच आहे. पण गेममध्ये पाइप तिकडे वळेना म्हणून तू तो उजवीकडे बसवलास आणि म्हणालास, हे फक्त तुला न् मला माहीत. चित्रात हापसा उजवीकडे होता. आईनंही ओळखलं. भर कचेरीत म्हणाली, अगं हे आपल्या छोट्याचं आहे, कुणी चोरलं गं? कारकून हसायला लागला. मीही तेव्हा चोरीच म्हटलं, शपथ.

पण पासवर्ड दोघांचाच, छोट्या. घरी येऊन मी अहवालाची प्रत उलटून पाहिली. मागे प्रत्येक जागेची पाटी छापलीय. शिंपीणबाई, खोगीरवाला, दोन पायऱ्या, सगळं तुझ्या शब्दांत. आपल्या जागेपुढे फक्त ‘मोकळी जागा’. ती पाटी आपोआप बदलत नाही. मी करून पाहिलं. त्या जागेवर जावं लागतं, जुने शब्द एकेक करून पुसावे लागतात, मग नवे लिहावे लागतात, आणि वर गेम विचारतो, नक्की का. तू ‘हो’ म्हणालास. शेवटच्या पानावर तयार करणाऱ्यांची यादी आहे. तुझ्या कंपनीचे पाच जण. तिसरं नाव तुझं.

मी फोन केला तेव्हा तू हात वर केलेस. तू फक्त मॉडेल दिलंस, त्यातून काय काढायचं ते साहेबांचं काम, रस्ता कुठून जाणार ते तुला ठाऊकच नव्हतं, आणि घराच्या बदल्यात मिळेल त्या फ्लॅटमध्ये आईला जिना चढावा लागणार नाही. हे शेवटचं बोललास तेव्हा मी फोन ठेवला. तेव्हापासून तू उचलत नाहीस. परक्यानं केलं असतं तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तू केसानं गळा कापलास. आईच्या दुःखापायी सोडलेली जागा, ती तूच नेऊन त्यांच्या हातात दिलीस. ती का रिकामी आहे ते या जगात तीनच माणसांना माहीत होतं, त्यातला एक तू.

मी तुझी बाजूही घेऊन पाहिली, खोटं कशाला सांगू. पुरात भिंत पडली तेव्हा वरच्या खोलीत आपल्या धाकट्या बबडीबरोबर तूच होतास. सहा वर्षांचा. तू धावत खाली आलास आणि ती राहिली. तुला कुणी कधी काही विचारलं नाही, आम्हाला वाटलं तेच बरं. मला वाटून गेलं, त्या जागेवरून सरळ रस्ता गेला तर तुला सुटल्यासारखं होईल का? तसं असेल तर तू मला सांगायचं होतंस. मी तुझ्याबरोबर रडले असते. पण पाटी पुसायची नव्हती.

आता आईचं ऐक. रस्त्याच्या सुनावणीला कागद नाही तर साक्ष चालते, आणि आठवणीवरून घराचा आराखडा देता येतो, असं तिथल्याच एका वकीलबाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई येऊन माझ्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, उघड ते, बांध. अडतीस वर्षं ज्या घराचं नाव तिनं काढलं नाही ते तिनं मला विटेविटेनं सांगितलं. चूल कुठे, बाबांचा बाक कुठे, माळ्याला हात कुठून पुरायचा. वरच्या खोलीशी आली तेव्हा थांबली, पाणी प्यायली आणि म्हणाली, पाळणा नव्हता, बबडी जमिनीवरच झोपायची, खिडकीखाली. मी तिथे एक चटई टाकली. एकच अडलंय. जिना डावीकडे वळायचा की उजवीकडे? ती उजवीकडे म्हणते, मला डावीकडे आठवतो. तिनंच तोड काढली, छोट्याला विचार, तो शेवटचा उतरलाय. येत्या गुरुवारी ती स्वतः उभी राहून सांगणार आहे की जागा मोकळी नव्हती, माझ्या मुलाला मीच सांगितलं होतं रिकामी ठेव म्हणून. शेजारणींनाही सांगत फिरतेय की मुलाला कळलं तर तो त्या चोरांना सोडायचा नाही.

मी तिला काही बोललेले नाही. सुनावणीच्या सुरुवातीला अधिकारी अहवाल करणाऱ्यांची नावं मोठ्यानं वाचतात, तशी तिथली पद्धत आहे. आई पुढच्याच बाकावर असेल. मनात आलं होतं, त्या दिवशी तिच्या कानातल्या यंत्राची बॅटरी काढून ठेवावी. पण तिला साक्ष द्यायचीय, प्रश्न ऐकू यायला हवेत, आणि तुझ्यासाठी मी तिला बहिरी करणार नाही. म्हणून हे पत्र. बुधवारची गाडी इथे संध्याकाळी सातला पोचते. जिना आठवून ये. तुझं नाव तिला ऐकू येणारच आहे, छोट्या. ते आधी तुझ्या तोंडून की गुरुवारी त्यांच्या, एवढंच तुझ्या हातात उरलंय.

बदलता येत नाही म्हणून तुझीच,
ताई